काळा टी-शर्ट, पांढरी पायपिंग

रविवार, गाडीत

आमच्या फॅशन डिझाइनच्या अभ्यासक्रमात कपडे-उत्पादनाच्या नीतीवर एक पेपर आहे. त्यासाठी दरवर्षी पोस्टरं होतात. ‘एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी’, ‘फॅशन हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा प्रदूषणकारी उद्योग’ ही वाक्यं त्यावर ठरलेली. पहिल्या आकड्यातलं बहुतेक पाणी कापसाच्या शेतातलं असतं हे पोस्टरवर कुणी लिहीत नाही, आणि दुसऱ्या वाक्याच्या मुळाशी गेलं तर धड पुरावाच हाती लागत नाही. यंदा मॅडमनी पोस्टरं बंद केली. सगळ्यांच्या हातात एकच कागद ठेवला आणि कुर्ला-कोइम्बतूर एक्सप्रेसची तिकिटं काढायला लावली.

कागद म्हणजे टेक पॅक. डिझायनरने कारखान्याला पाठवायचं फर्मानच ते: चित्र, मापं, कापड, रंग, शिलाई, लेबल, तारीख. यातला टी-शर्ट मॅडमनीच आखलेला. काळाभोर, १८० जीएसएमची (चौरस मीटरला १८० ग्रॅम) सिंगल जर्सी, म्हणजे टी-शर्टचं नेहमीचं विणीचं कापड, अंगात सैल. छातीवर डाव्या खांद्यापासून उजव्या कुशीपर्यंत तिरका जोड आणि त्या जोडात पांढरी पायपिंग, म्हणजे शिवणीतून डोकावणारी कापडाची बारीक पट्टी. ऑर्डर पक्की झाल्यापासून ६० दिवसांत माल बंदरावर. हा कागद घेऊन तमिळनाडूतल्या तिरुप्पूरच्या, म्हणजे विणीच्या कपड्यांच्या गावच्या, प्रत्येक खात्यात जायचं आणि समोरच्याला विचारायचं, हे तुमच्याकडे आलं तर पुढे काय होतं? नोंदी आणायच्या, मतं नकोत. ‘मतं तुमच्याकडे आधीच भरपूर आहेत,’ इति मॅडम.

सोलापुरात उजाडलं. सिद्धेशचे आजोबा इथल्या गिरणीत होते, त्यामुळे तो खिडकीला लागून बसला होता, बाकीचे झोपेत. पुढचा दिवसभर वाडी, गुंतकल, धर्मावरम आणि ऊन.

सोमवार

पहाटे तिरुप्पूरला उतरलो. स्टेशनबाहेरचा मोठा रस्ता कुमारन यांच्या नावाचा आहे. चेन्निमलैच्या विणकर घरातला हा तरुण ११ जानेवारी १९३२ रोजी इथल्या मोर्चात पोलिसांच्या लाठ्यांनी गेला. हातातला झेंडा त्याने खाली पडू दिला नाही, म्हणून तमिळ मुलखात तो ‘झेंडा राखणारा कुमारन’. त्याच रस्त्याच्या दोन्ही अंगांनी आता दोरा, बटणं, लेबलं, इलॅस्टिक आणि शिलाई मशीनचे सुटे भाग विकणारी दुकानं आहेत. भारतातून बाहेर जाणाऱ्या विणीच्या कपड्यांपैकी निम्म्याहून अधिक या एका गावाच्या परिसरातून जातात. गावातले लोक मात्र कारखान्याला अजून ‘बनियन कंपनी’च म्हणतात, मग आत पॅरिसच्या दुकानासाठी हुडी का शिवत असेनात.

पहिलं काम नीटिंगचं, म्हणजे सुतापासून कापड विणण्याचं. गोल मशीनभोवती सुताचे कोन लावलेले, मधून कापडाची नळी सावकाश खाली उतरते. हवेत तंतू इतके, की पाच मिनिटांत आमच्या भुवया पांढऱ्या झाल्या. ऑपरेटरच्या तोंडाला मास्क नव्हता. त्याने आमच्या कागदावरचं चित्र पाहिलंच नाही. जीएसएमच्या आकड्यावर बोट ठेवलं, सुताचा काउंट, म्हणजे जाडी-बारीकपणा, विचारला, आणि संपलं. काळा की गुलाबी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याच्याकडून जाणारं कापड कोऱ्या सुताच्या पिवळट रंगाचंच असतं.

दुपारी युनिटच्या मालकांनी आम्हाला बाहेर चहा पाजला. शेतकरी घरातले, स्वतः काही वर्षं मशीनवर काम केलेले. इथले कितीतरी मालक असेच वर आलेत. त्यांच्याकडून जे कळलं ते आम्ही कॉलेजात तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. तिरुप्पूरचा टी-शर्ट बहुतेक वेळा एका छताखाली होतच नाही. निर्यातदार सूत घेतो, ते नीटिंगवाल्याकडे जातं, तिथून डायिंगला (रंगवायला), मग कॉम्पॅक्टिंगला (पुढे आकसू नये म्हणून दाबून घ्यायला), मग कटिंगला, छपाई आणि भरतकाम आणखी दोन ठिकाणी, शिलाई जमली तर स्वतःकडे, नाही तर कुणा छोट्या युनिटकडे. यातली बरीच कामं जॉब वर्कवर, किलोच्या किंवा नगाच्या दराने. मोठे ब्रँड आपल्या संकेतस्थळांवर पुरवठादारांची यादी देतात ना, तिच्यात साधारणपणे शेवटचं छत येतं, जिथे शिलाई आणि पॅकिंग होतं. आम्ही चहा पीत होतो ते छत अशा यादीत सहसा येत नाही. मालक त्याबद्दल तक्रार करत नव्हते. उलट, ‘यादीत नाव आलं तर ऑडिटवाले येतील,’ म्हणून हसले.

मंगळवार

हा दिवस वहीत सगळ्यात जास्त पानं खाऊन गेला.

डायिंग हाउसमध्ये शिरताच सोड्याचा वास आणि वाफ. पायाखाली ओलं. डाय मास्टर पन्नाशीचे, हिंदी उत्तम बोलणारे. त्यांनी कागद हातात घेतला, ‘ब्लॅक’ वाचलं आणि शांतपणे खुर्चीवर बसले. मग आम्हालाच विचारलं, ‘सुताला रंग का धरतो सांगा.’ आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. तेव्हा त्यांनी जे समजावलं ते असं.

सुती कापडासाठी रिअॅक्टिव्ह रंग वापरतात. हा रंग तंतूशी रासायनिक बंध बांधतो, म्हणून तो पक्का. पण पाण्यात सुताच्या तंतूवरही ऋण भार असतो आणि रंगाच्या रेणूवरही. दोघं एकमेकांना दूर लोटतात. त्यांना जवळ आणायला पाण्यात मीठ घालावं लागतं. खायचं मीठ किंवा सोडियम सल्फेट. रंग तंतूवर बसला की मग सोडा घालून तो पक्का करतात. फिकट रंगाला मीठ थोडं पुरतं. गडद रंगाला दर लिटरमागे ५० ते ८० ग्रॅम लागतं. शिवाय रंगाचा काही भाग तंतूऐवजी पाण्याशीच बंध बांधून बसतो. तो कधीच पक्का होत नाही, तो धुऊनच काढावा लागतो. काळ्यात रंगाचं प्रमाणच सगळ्यात जास्त, म्हणजे धुण्याचं कामही सगळ्यात जास्त.

मास्टरांनी कॅलक्युलेटर काढला. ३०० किलो कापडाचा एक घाणा, किलोमागे ६ लिटर पाणी, म्हणजे १,८०० लिटर. लिटरला ७० ग्रॅम मीठ धरलं तर १२६ किलो. तीनशे किलोत आमचे तेराशेच्या आसपास टी-शर्ट निघतील. म्हणजे एका टी-शर्टमागे जवळपास शंभर ग्रॅम मीठ. ‘आणि यातलं कापडात किती राहतं?’ ऋताने विचारलं. ‘काहीच नाही. सगळं पाण्यात.’

पायपिंगवर ते नंतर आले. काळ्याला चिकटून पांढरं, म्हणजे उरलासुरला रंग पहिल्याच धुण्यात पांढऱ्यावर उतरणार. तो उतरू नये म्हणून काळं कापड उकळत्याच्या जवळ नेलेल्या पाण्यात साबण घालून आणखी धुवायचं, मग पुन्हा साध्या पाण्यात, मग रंग धरून ठेवणारं फिक्सर. चित्रातली ती तीन मिलिमीटरची रेघ इथे जास्तीच्या पाण्याचे हौदच्या हौद मागते. ‘पायपिंग ग्रे करा,’ ते म्हणाले, ‘किंवा काळीच करा. माझं अर्धं काम वाचेल.’ आमच्यात तिथल्या तिथे भांडण लागलं. सिद्धेशचं म्हणणं, पांढरी रेघ काढली तर डिझाइनच उरत नाही. यावर मास्टर काही बोलले नाहीत. त्यांच्या कामात ते बसत नाही.

खाऱ्या पाण्याचं पुढे काय होतं ते दुपारी पाहिलं. तिरुप्पूरमधून नोय्यल नदी वाहते. वर्षानुवर्षं डायिंगचं पाणी थेट तिच्यात जात होतं. रंग डोळ्यांना दिसायचा म्हणून त्यावर ओरड व्हायची, खरं नुकसान मिठाने केलं. रंग गाळता येतो, विरघळलेलं मीठ साध्या शुद्धीकरणाने निघत नाही. न्यायालयात प्रकरण बरीच वर्षं चाललं. सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडायचा नाही असा दंडक घालून दिला होता, तो पाळला जात नाही असं दिसल्यावर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ७००च्या वर ब्लीचिंग-डायिंग युनिटं आणि त्यांची सामायिक शुद्धीकरण केंद्रं बंद करायला लावली. गावातली कितीतरी घरं एका रात्रीत बिनकामाची झाली. ‘नदी वाचवा’ म्हणणं किती जणांच्या चुलीपर्यंत जातं, हे आमच्या पोस्टरांवर मावलं नसतं.

आता सामायिक केंद्रात पाणी आधी जिवाणूंकडून साफ होतं, मग गाळण्या, मग आरओ. आरओतून बहुतेक पाणी स्वच्छ होऊन डायिंगला परत जातं. उरलेला तीव्र खारा द्राव बाष्पीभवन यंत्रांत आटवतात, त्यातलं मीठ काढून तेही परत वापरतात. हे बघताना अभिमान वाटावा असं काम आहे. मग त्या केंद्राच्या मागच्या शेडमध्ये गेलो. तिथे पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या, आढ्यापर्यंत. निरनिराळी मिठं आणि रंगाचे अवशेष एकत्र झालेला हा शेवटचा गाळ. तो कुणाला विकता येत नाही, कुठे टाकता येत नाही. पाणी आटवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, बॉयलरला जळण. म्हणजे नदीतलं ओझं काही प्रमाणात धुराड्यात आणि शेडमध्ये गेलं. तरीही मला विचाराल तर हाच सौदा बरा. निदान ते आता मोजता येतं.

केंद्राच्या व्यवस्थापकांना मॅडमनी विचारलं, या सगळ्याचे पैसे खरेदीदार देतो का? त्यांनी उत्तर दिलं, ‘खरेदीदार फोटो काढतो.’

बुधवार

शिलाईचा कारखाना. मोठा, निर्यातीचा, उजेड भरपूर, पंखे भरपूर. फरशीवर पिवळ्या रेघा, बाहेर पडायचे दरवाजे मोकळे, प्रत्येक मजल्यावर नकाशा. भिंतीवर कामगारांच्या हक्कांचा फलक तमिळ, हिंदी आणि इंग्रजीत.

या रेघा आणि दरवाजे कुठून आले ते मॅडमनी जिन्यातच सांगितलं. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथली राणा प्लाझा ही इमारत कोसळली, १,१३४ माणसं मेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली; वरच्या कपडा कारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर बोलावलं. त्याच्या आदल्या वर्षी, ११ सप्टेंबर २०१२ ला, कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला आग लागून २५०हून जास्त लोक गेले. त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच सामाजिक जबाबदारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. म्हणून फलक वाचा, म्हणाल्या, पण दरवाजा ढकलूनही बघा. आम्ही ढकलला. उघडला.

कटिंगच्या टेबलावर कापडाचे थर अंथरलेले. कटर जाळीचा धातूचा हातमोजा घालून सरळ सुरी चालवत होता. त्याने आमचा तिरका जोड पाहिला आणि मार्करचा, म्हणजे तुकड्यांच्या मांडणीचा, कागद काढून दाखवला. साधा टी-शर्ट असेल तर पुढचे, मागचे, बाह्या एकमेकांत नीट बसतात. तरी कापडाचा सहावा-सातवा हिस्सा वाया जातोच. तिरके दोन तुकडे केले की मधे त्रिकोण सुटतात. ते त्रिकोण पोत्यात भरून वजनावर विकले जातात. काही पुन्हा पिंजून जाड सूत होतं, काही गॅरेजमध्ये मेकॅनिकच्या हाती जातं. आपल्याकडच्या गॅरेजातल्या त्या रंगीबेरंगी चिंध्यांमध्ये किती डिझायनरांची कल्पकता असेल, कोण जाणे.

शिलाईच्या लाइनवर सुपरवायझर बाई होत्या. सगळे त्यांना ‘अक्का’ म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. अक्कांच्या हातात स्टॉपवॉच. साध्या टी-शर्टला सगळी कामं धरून आठ मिनिटांच्या आसपास शिलाई-वेळ धरतात: खांदे ओव्हरलॉक मशीनवर, गळ्याची रिब पट्टी, बाह्या, कुशी, शेवटी फ्लॅटलॉकवर खालची घडी. आमच्या तिरक्या जोडाला अक्कांनी दीड मिनिट वाढवलं. ताणल्या जाणाऱ्या कापडात पायपिंग घालायची म्हणजे हात बसलेला कारागीर हवा, आणि पांढऱ्या दोऱ्याचं मशीन वेगळं हवं. मग त्यांनी विचारलं ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं: ‘हे दीड मिनिट दरात धरणार की नाही?’

दराचं गणित वरच्या मजल्यावर मर्चंडायझरने, म्हणजे खरेदीदाराशी व्यवहार सांभाळणाऱ्याने, उलगडलं. टी-शर्टच्या कारखाना-किमतीत सर्वांत मोठा हिस्सा कापडाचा. सुताचा भाव बाजार ठरवतो, रंगाचा दर डायिंगवाला ठरवतो, बटण-लेबल बऱ्याचदा खरेदीदारानेच सांगितलेल्या पुरवठादाराकडून घ्यायचं. खरेदीदार किंमत हंगामाच्या आधी पक्की करून मोकळा होतो. मध्येच सूत महागलं तर दाबायला उरतं काय? कटिंग, शिलाई, पॅकिंगचा आकडा. दुकानात कपडा ज्या किमतीला विकला जातो तिच्यात या आकड्याचं प्रमाण नगण्य असतं. तरी घासाघीस होते ती तिथेच, कारण हलवता येणारी तेवढी एकच ओळ असते.

आणि तारीख. आमच्या ६० दिवसांचं त्याने वेळापत्रकच मांडलं. आधी काळ्या रंगाचे नमुने डायिंगहून येणार, ते कुरियरने खरेदीदाराकडे जाणार. काळा हा काळाच असतो असं वाटणाऱ्यांनी एकदा हा पत्रव्यवहार वाचावा: ‘थोडा निळसर आहे’, ‘आता तांबूस वाटतो’. दोन फेऱ्यांत दोन आठवडे गेले. मग मापाचा नमुना, त्यात डिझायनरला गळा अर्धा सेंटिमीटर खाली हवासा वाटला, पुन्हा एक आठवडा. सूत, नीटिंग, डायिंग यांचे दिवस ठरलेले. त्यांना घाई चालत नाही. सगळा उशीर गोळा होतो तो शिलाईच्या वाट्याला. जहाज मात्र ठरल्या दिवशीच सुटतं. चुकलं तर माल विमानाने पाठवायचा, आणि तो खर्च कारखान्याच्या माथी.

मग लाइन रात्री चालते. तिरुप्पूरमध्ये मजुरी शिफ्टवर मोजतात आणि ‘दीड शिफ्ट’ ही इथली नेहमीची गोष्ट. सकाळी साडेआठला आलेला माणूस रात्री आठला सुटतो. जादा वेळेला दुप्पट मजुरी हे कायद्यात आहे. पण जो नगावर किंवा ठेकेदाराकडून काम करतो त्याचा जादा वेळ सुरू कुठून होतो? अर्धी माणसं ओडिशा, झारखंड, बिहारमधली. चेकिंगच्या टेबलावर ओडिशाची एक मुलगी होती, आमच्याच वयाची. मी तिला विचारलं, दीड शिफ्ट बंद झाली तर बरं वाटेल का? ती म्हणाली, ‘एका शिफ्टमध्ये दीडचा पगार मिळणार असेल तर.’ आणि पुढचा नग उलटा करून शिवण बघू लागली.

सेंद्रिय कापसाबद्दलही विचारलं. मर्चंडायझरने व्यवहार-प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल दाखवली. ‘सेंद्रिय’ असं लेबल लावायला गॉट्स या सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय मानकात ९५ टक्के सेंद्रिय तंतू लागतात, प्रत्येक टप्प्यावर वेगळा कागद. त्याच गॉट्स संस्थेने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की भारतात बनावट कागदांवर २०,००० टन कापूस सेंद्रिय म्हणून खपवला गेला. कागद खोटा निघू शकतो, हे त्यानेच आम्हाला सांगितलं, लपवलं नाही.

गुरुवार

ओरत्तुपालयम धरण. नोय्यलवर, चेन्निमलैपासून फार लांब नाही. १९९२ मध्ये शेतीच्या पाण्यासाठी बांधलं. पुढे काय होणार हे वरच्या अंगाला वसलेलं तिरुप्पूर ठरवत होतं. धरणात साठलं ते डायिंगचं पाणी. खालच्या शेतकऱ्यांनी अखेर मागणी केली ती पाणी साठवूच नका अशी. धरण बांधलेल्या गावांनी पाणी नको म्हणावं, असं मी तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

तिथे एका नारळाच्या बागेत थांबलो. वयस्क शेतकरी, आम्हाला विहिरीपाशी घेऊन गेले. पूर्वीपेक्षा बरं आहे म्हणाले, पण पिण्याला अजून विकतचं. जमिनीत मुरलेलं मीठ न्यायालयाच्या आदेशाने वर येत नाही. नदीकाठच्या लाभधारक शेतकऱ्यांच्या संघटनेने ही न्यायालयीन लढाई लढली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत. डिझायनर, ब्रँड, आमच्यासारखे पोस्टरवाले, यांपैकी कुणीही तिरुप्पूरचं पाणी बंद नळीत आणलं नाही. ते काम ज्यांनी केलं त्यांच्या अंगावर साधी पांढरी वेष्टी (तमिळ धोतर) होती, आणि आमच्या अभ्यासक्रमात त्यांचा एका ओळीचाही उल्लेख नाही. हे मी परतल्यावर विभागप्रमुखांना सांगणार आहे.

चेन्निमलैला हातमागावरच्या चादरी पाहिल्या, सहकारी संस्थेच्या दुकानात. सुंदर आहेत. अर्ध्या वर्गाने लगेच ‘हातमाग हाच उपाय’ असा सूर लावला. तिथल्या विणकराने एवढंच विचारलं, की तुमच्या वर्गातल्या किती जणांना हे काम करायचंय? पुढे गप्पच.

शुक्रवार

आज कारखाना नाही. एका कामगार संस्थेच्या छोट्या कार्यालयात सतरंजीवर बसून सूतगिरण्यांत काम केलेल्या बायकांशी बोललो. दुभाषी म्हणून संस्थेच्याच ताई.

टी-शर्टची सुरुवात सुतापासून, आणि तमिळनाडूतल्या गिरण्यांत सुताचं काम मोठ्या प्रमाणात गावाकडच्या कोवळ्या मुली करत आल्या आहेत. सुमंगली योजना नावाने हे चालत असे: मुलीने तीन वर्षं गिरणीच्या वसतिगृहात राहून काम करायचं, महिन्याला थोडी रक्कम, आणि मुदत संपल्यावर लग्नासाठी म्हणून एकरकमी ३० ते ६० हजार रुपये. आधीच सोडलं, आजारी पडली, तर एकरकमी रकमेवर पाणी. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या संस्थांच्या अहवालाने ही गोष्ट युरोपातल्या खरेदीदारांच्या टेबलावर गेली. आमच्यासमोर बसलेल्या एकीने तीन वर्षं पूर्ण केली होती. तिने रक्कम मिळाल्याचं सांगितलं. त्यातून बहिणीचं लग्न झालं, तिचं नाही. दुसरी सव्वादोन वर्षांनी खोकल्याने घरी आली. तिला काय मिळालं, ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही पुन्हा विचारलं नाही. वसतिगृहाच्या फाटकाबद्दल मात्र दोघी भरभरून बोलल्या. रविवारी बाजाराला जायचं तरी सोबत वॉर्डन.

मग ताईंनी दिंडिगुलचं सांगितलं. जानेवारी २०२१ मध्ये दिंडिगुल जिल्ह्यातल्या एका कपडा कारखान्यात काम करणाऱ्या तरुण दलित मुलीचा खून झाला. आरोपी तिचा सुपरवायझर. तिच्या कामगार संघटनेने, जिचं नेतृत्व दलित बायकांकडे आहे, प्रकरण तिथे मिटू दिलं नाही. एप्रिल २०२२ मध्ये संघटना, कारखान्याची मूळ कंपनी आणि एचअँडएम हा ब्रँड यांच्यात करार झाला, नंतर गॅप आणि पीव्हीएच हे ब्रँडही त्यात आले. ‘दिंडिगुल करार’ म्हणतात. त्याचं वेगळेपण असं, की तो बांधून घालणारा आहे. कारखान्याने शब्द मोडला तर ब्रँडला त्याचा परिणाम ऑर्डरमध्ये दाखवावा लागतो, आणि लाइनवर लक्ष ठेवायला कामगारांमधल्याच बायका प्रशिक्षण घेऊन उभ्या राहतात. ऑडिटर वर्षातून एक-दोनदा येतो. शेजारच्या मशीनवरची बाई रोज असते.

आमचा कागद मी आज पिशवीतून काढलाच नाही. ताईंनीच मागितला. चित्र बघून म्हणाल्या, छान आहे. मग मागची बाजू उलटली आणि विचारलं, ‘तक्रार कुणाकडे करायची, हे कुठे लिहिलंय?’ टेक पॅकमध्ये तसा रकाना नसतो. पुरवठादाराशी होणाऱ्या करारात असतो, असं मॅडमनी सांगितलं. ‘तो करार डिझायनर वाचते?’ यावर मॅडम क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘माझ्या नोकरीच्या काळात मी वाचला नव्हता. मला कुणी दाखवला नाही, मीही मागितला नाही.’

शनिवार

गाडी दुपारनंतरची, म्हणून सकाळी खादरपेटला. स्टेशनजवळच्या या गल्ल्यांमध्ये निर्यातीतून उरलेला, नाकारलेला, रद्द झालेला माल विकतात. लहान मुलांचे कपडे, रात्रीचे पायजमे, पोलो, सगळं पोत्यांनी. लेबलं अर्धी कापलेली, पण उरलेल्या अर्ध्यावरून नाव ओळखता येतं. देशभरातले फेरीवाले आणि रस्त्यावरचे स्टॉलवाले इथून माल उचलतात. पुण्यात फर्ग्युसन रोडला आम्ही जे घेतो त्यातलं काही इथूनच आलेलं असणार.

एक व्यापारी बोलका निघाला. त्याच्याकडे माल का येतो याची त्याने कारणं सांगितली: रंगाची शेड चुकली, माप दोन सेंटिमीटर इकडचं तिकडे, छपाई उडाली, किंवा खरेदीदाराने ऐनवेळी हात वर केले. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये तर युरोप-अमेरिकेतल्या दुकानांना कुलपं लागली आणि शिवून तयार असलेल्या ऑर्डरी रद्द झाल्या. तेव्हा त्याच्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. कापड, रंग, शिलाई, सगळ्याचे पैसे आधीच खर्च झालेले असताना माल नको म्हणण्याची मुभा एका बाजूला असते, दुसऱ्या बाजूला नसते. मला या आठवड्यात सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर याचा. काळ्या रंगाचा नाही, मिठाचाही नाही.

ऋताने फिकट हिरव्या टी-शर्टचा एक गठ्ठा उचलला. गळा उलटा करून शिवण पाहिली, कुशी ताणून पाहिली, बाह्या जुळवल्या, इंचाला टाके मोजले. काही सापडेना. तिने विचारलं, ‘अण्णा, यात खोट काय आहे?’

‘खोट नाही,’ तो म्हणाला. ‘आठ दिवस उशीर.’

एक नग देत नव्हता, दहाचाच संच. सातशे सांगितले, साडेसहाशेला दिले. त्यातले दोन मॅडमनी कॉलेजच्या नमुना-कपाटासाठी ठेवून घेतले, बाकीचे आम्ही आपसात वाटले आणि स्टेशनकडे निघालो.